मडकं केवढं असावं?

मागच्या महिन्याच्या बैठकीत वनजमिनीच्या दाव्यांचं काम दुपारपर्यंत उरकलं आणि मग कोणीतरी दारूचा विषय काढला. तो निघाला की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. अर्धी बैठक म्हणाली, सगळी मडकी फोडा. अर्धी म्हणाली, मग होळीला धार कशाची टाकायची, इंदलला काय पाण्याची धार टाकणार? आवाज चढले. एक म्हातारा कारभारी उठून गेला. बाया एका बाजूला बसून आपसात बोलत होत्या, त्यांना कोणी विचारलंच नाही. संध्याकाळी ठराव झाला नाही आणि लोक आपापल्या पाड्याला निघाले.

आम्ही म्हणजे या पत्रकाचं काम बघणारी पाच-सहा पोरं-पोरी. बारावीपर्यंत शाळा शिकलो आणि मग संघटनेत आलो. त्या रात्री परत येताना आमच्यातही हेच भांडण झालं. पण चालता चालता एक गोष्ट लक्षात आली. दिवसभर सगळे दारूवर बोलले, पण मडकं केवढं, हे कोणी बोललं नाही. आणि आम्हाला वाटतं, खरा प्रश्न तोच आहे. म्हणून या अंकात ही जागा मागून घेतली. पटलं तर पटलं, नाही पटलं तर पुढच्या बैठकीत तोंडावर सांगा.

आमचं म्हणणं एका ओळीत असं: ज्या मडक्यात घरचीच फुलं, घरचंच सरपण आणि घरचीच माणसं पुरतात ते मडकं आपलं. त्याच्यापेक्षा मोठं जे काही चुलीवर चढतं ते आपलं नाही, मग ते आपल्या अंगणात का असेना.

आधी मापाचा हिशोब

भट्टी म्हणजे काय, तर चार गोष्टी. चूल, तिच्यावर सडव्याचं मडकं, वाफ नेणारी बांबूची नळी, आणि ती वाफ थंड करणारं पाणी. चारही एका मापाच्या पाहिजेत. एक मोठी आणि बाकीच्या लहान असं चालत नाही.

आमच्या पाड्यात बाया धरतात तो हिशोब सांगतो. तीन किलो सुकी फुलं, एक घागर पाणी. उन्हाळ्यात चार-पाच दिवस, थंडीत आठवडा किंवा वर एक-दोन दिवस. फेस बसला, फुलं खाली गेली, आंबट वास सुटला की सडवा तयार. याला मडकं लागतं दोन घागरी मावतील एवढं. एका घागरीला दुप्पट मडकं कशाला, असं नवीन माणूस विचारतो. कारण भिजलेली फुलं पण जागा घेतात, आणि उकळताना सडवा फुगतो. मडक्याचे तीन भाग धरले तर दोन भाग सडवा आणि एक भाग मोकळा ठेवायचा. गळ्यापर्यंत भरलं की फेस आणि फुलं नळीत शिरतात. नळी तुंबली की वाफेला जायला जागा नाही. मग झाकणाचं लिंपण उडतं आणि उकळता सडवा चुलीपुढे बसलेल्या बाईच्या अंगावर येतो. असे भाजलेले हात आपण पाहिले आहेत.

उलटंही तेवढंच वाईट. मडकं मोठं आणि सडवा तळाशी इवलासा, तर फुलं बुडाला लागून जळतात. दारूला करपट वास येतो आणि मडकं तडकतं ते वेगळं. म्हणजे मडकं विकत घेताना 'मोठं घेऊन ठेवू, कधी कामाला येईल' हा विचारच चुकीचा. आधी बघायचं, एका वेळी किती फुलं भिजवणार. मग त्यावरून मडकं.

तिसरी गोष्ट पाण्याची. दोन घागरींच्या मडक्याची वाफ थंड करायला बादलीभर पाणी पुरतं, तेही दोन-तीनदा बदलावं लागतं. पाणी कोमट झालं तरी बदललं नाही तर वाफ थंड होतच नाही, सांध्यातून बाहेर येते. ही नुसती पाण्याची वाफ नाही, ती पेट घेते. घराला गवताचं छप्पर असेल तर पुढचं सांगायला नको. मडकं दसपट केलं तर पाणी पण दसपट पाहिजे. वैशाखात झऱ्यावर तासभर रांग लावणाऱ्या बाईने ते कुठून आणायचं?

एवढं सगळं करून तीन किलो फुलांची निघते तीन बाटल्या, थोडी कमी किंवा थोडी जास्त. त्यातली पहिली धार वडिलांना, देवाला, जमिनीला. मग बाकीची माणसांना. सरपण लागतं मोळीभर सुद्धा नाही. दोन-तीन तासांत काम होतं.

नळी बांबूची असावी. डाग मारलेली पत्र्याची नळी घेऊ नये, त्या डागात शिसं असतं आणि ते दारूत उतरतं. मडकं मातीचं. तुटलं तर कुंभाराकडून दुसरं. हे सगळं आमच्या आजीला आमच्यापेक्षा जास्त कळतं, पण आजकालच्या पोरांना ड्रमच माहीत, म्हणून लिहिलं.

घराला किती लागते

आता घराचा हिशोब करू. समजा एका घराने या हंगामात दोन क्विंटल सुकी फुलं गोळा केली. फाल्गुन-चैत्रात पहाटे चारला उठून, पोरं-बाळं घेऊन, पाठ मोडेपर्यंत वेचलेली. वर्षात दारू कधी लागते? होळीला लागते. नवाईला, पूजेला, घरात मयत झालं तर लागते. पेरणी-निंदणीला लाह बोलावली की येणाऱ्यांना लागते. दहा वेळा धरू. दहा वेळा तीन किलो, म्हणजे तीस किलो. उरली एकशे सत्तर किलो.

ही एकशे सत्तर किलो म्हणजे काय ते शहरातल्या माणसाला कळणार नाही, आपल्याला कळतं. आषाढ-श्रावणात कणगी रिकामी होते तेव्हा ही फुलं उकडून भाकरीबरोबर खातो. व्यापारी चैत्रात पडेल भावाने घेतो आणि आपल्यालाच पावसात चढ्या भावाने विकतो, तेव्हा घरात फुलं असली तर त्याच्या दारात जावं लागत नाही. मीठ-मिरची, पोराच्या वह्या, दवाखान्याचं भाडं, हे पण त्यातूनच निघतं.

आता त्याच घरात दोनशे लिटरचा ड्रम आणा. एका वेळी तीस किलो फुलं. निघणार तीस बाटल्या. सहा माणसांच्या घरात, त्यात दोन लहान पोरं, तीस बाटल्या कोण पिणार? कोणी नाही. म्हणजे पहिल्याच दिवशी गिऱ्हाईक शोधावं लागतं. ड्रम चढला तेव्हाच ते घर दुकान झालं, मालकाने ठरवलं असो की नसो. आणि आठवड्याला एक ड्रम काढला तर दोन क्विंटल फुलं सहा-सात आठवड्यांत संपतात. वैशाखाच्या सुरुवातीला चालू केलं तर पहिला पाऊस पडायच्या आत फुलं संपली. तीस किलोत ज्या घराचं वर्ष निघत होतं तिथे दोनशे किलो गेली, आणि भुकेचे महिने तर अजून पुढेच आहेत.

लग्नाला, इंदलला काय करायचं? तेव्हा माणसं शे-दोनशे येतात. याला आपल्या जुन्या माणसांचं उत्तर तयार आहे, आपणच ते विसरलो. भाऊबंद, सोयरे आपापल्या घरून काढून आणायचे. धान्य जसं घराघरातून यायचं तशीच दारू. मोठ्या कामाला मोठं मडकं नव्हतं, जास्त घरांची मडकी होती. त्यामुळे कोणी एकजण दारूचा मालक होत नव्हता.

ड्रम कोणाचा

आमच्या ओळखीतल्या एका पाड्यातली गोष्ट. नाव लिहीत नाही, त्या माणसाची आणखी बदनामी करायची नाही. त्याच्या बापाची चार एकर जमीन सावकाराकडे गेली होती. १९७४ चा आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा झाला, लोक मोर्चे काढून, तहसीलच्या पायऱ्यांवर बसून भांडले, तेव्हा ती परत मिळाली. बाप मेला. मुलाकडे एक दुकानदार आला. म्हणाला, ड्रम मी देतो, गूळ मी देतो, तू फक्त जाळ घाल. माल मीच उचलतो.

पहिले दोन महिने हातात पैसा खेळला. मग फुलं संपली आणि सडका गूळ उधारीवर येऊ लागला. लवकर आंबावं म्हणून नवसागर आला, कुठे कुठे युरिया टाकतात तेही आलं. ड्रममध्ये आधी काय होतं, डांबर की फवारणीचं औषध, कोणी विचारलं नाही. एकदा धाड पडली, माल ओतला, ड्रम फोडला. नुकसान कोणाचं? दुकानदाराच्या वहीत ते याच्या नावावर लिहिलं गेलं. जामिनाचे पैसे पण त्यानेच दिले, तेही वहीत. तारखांना जायला भाडं, वकिलाची फी, सगळं वहीत. आणि स्वतः काढतो म्हणून स्वतःचं पिणंही वाढलं.

आज सातबारा त्याच्याच नावावर आहे, कारण कायद्याने आदिवासीची जमीन तशी घेता येत नाही. पण जमीन मक्त्याने दिल्याचा कागद दुकानदाराच्या कपाटात आहे. पीक त्याच्या खळ्यात जातं. हा माणूस आपल्याच शेतात मजुरीने जातो. बापाने कायद्याने मिळवलेली जमीन पोराने ड्रमात घातली, आणि कुठल्याच सरकारी कागदावर त्याची नोंद नाही.

दुसरी गोष्ट आम्ही दाव्यांच्या कामात पाहिली. ज्याच्या घरी ड्रम आहे तो दावा लिहायला पुढे येत नाही. मोर्चाला येतो म्हणतो, येत नाही. शेजाऱ्याची वहिवाट जुनी आहे म्हणून साक्ष द्यायला सांगितलं तर गप्प बसतो. का? त्याच्याकडून हप्ता जातो. ज्याला हप्ता जातो त्याचा निरोप येतो की फार पुढे पुढे करू नको. एका मोर्चाच्या आदल्या रात्री अशाच एका पाड्यावर धाड पडली. ड्रमवाला आधीच कळून जंगलात गेला होता. सापडली कोण, तर एक म्हातारी, जिच्या घरी पुतण्याच्या बाराव्याला भिजवलेलं एक मडकं होतं. पंचनाम्यात 'कच्चे रसायन' असं लिहिलं. म्हातारी विचारत होती, रसायन म्हणजे काय रे पोरा?

दावा ज्याने बोलायचा त्याचंच तोंड बंद. म्हणून आम्ही म्हणतो, ड्रमचा प्रश्न हा नुसता तब्येतीचा नाही, तो जमिनीचा प्रश्न आहे.

हे काही आजचं नाही

जुनी माणसं सांगतात आणि पुस्तकातही सापडतं. इंग्रजांनी १८७८ साली मुंबई अबकारी कायदा केला. त्याच्या आधी घरोघर मडकं होतं. नंतर घरचं मडकं गुन्हा झालं आणि ठेकेदाराचं दुकान कायदेशीर झालं. सरकारला घराघरातल्या लहान मडक्यांतून कर गोळा करता येत नव्हता, मोठ्या भट्टीतून येत होता. १८९२ साली तर मोहाच्या फुलांवरच कायदा आणला, जणू फुलं त्यांच्या झाडाची. दारू आपली, फुलं आपली, पण प्यायची दुकानात जाऊन, उधारीवर. त्या उधारीत किती शेतं गेली ते मोजायला कोणी बसलं नाही.

आपले लोक गप्प बसले नाहीत. १९२२ साली देवीची चळवळ किनाऱ्याकडून डोंगरात आली. देवी अंगात येऊन सांगायची, दारू-ताडी सोडा, ठेकेदाराचं काम सोडा. पुढे गुलाम महाराजांनी आपल्या तळोद्याच्या भागात तेच सांगितलं, हजारो लोक आरतीला जमायचे. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला. मग १९७२ पासून शहाद्याकडे श्रमिक संघटनेच्या बायांनी गावोगाव फिरून दारूची मडकी फोडली. त्याच सुमाराला, १९७३ साली, सरकारने देशी दारूचे नियम केले. साखर कारखान्याच्या मळीची दारू बाटलीत भरून परवान्याच्या दुकानात आली. एका बाजूला आपल्या बाया मडकी फोडत होत्या, दुसऱ्या बाजूला सरकार परवाने देत होतं.

आम्ही त्या बायांच्या विरोधात एक शब्द बोलणार नाही. त्यांच्यामुळे आज आमच्यातल्या पोरी बैठकीत बोलतात. त्यांनी फोडली ती धंद्याची मडकी होती, नवऱ्याची मजुरी गिळणारी. आम्ही आज ड्रमबद्दल म्हणतो ते त्यांच्याच मागे चालून म्हणतो.

कायदा काय म्हणतो

खोटी आशा दाखवणार नाही. महाराष्ट्रात आजही घरची भट्टी गुन्हा आहे, मडकं लहान असो की मोठं. नर्मदेच्या पलीकडे मध्य प्रदेशात आदिवासीला घरच्या वापरापुरती काढायची सूट आहे, हद्द लिटरमध्ये ठरवलेली. एकाच नदीच्या दोन काठांना एकाच देवाची पूजा होते. तिकडे धार टाकणारा पुजारा असतो, इकडचा आरोपी. आणि ही सूट काही मेहरबानी नाही. १९७५ सालीच केंद्र सरकारने राज्यांना सांगितलं होतं की आदिवासी भागातला दारूचा धंदा बंद करा आणि घरच्या, पूजेच्या वापरापुरती आदिवासींना काढू द्या. आपल्याकडे उलटं झालं. घरचं मडकं गुन्ह्यात राहिलं आणि दुकान चालू राहिलं.

पण आता १९९६ चा पेसा कायदा आहे. त्यातलं कलम ४ आणि त्यातला 'ड' नाही, 'म' नाही, असं पाठ करत बसू नका, एवढंच लक्षात ठेवा: एकाच पोटकलमात एकाखाली एक गोष्टी लिहिल्या आहेत ज्यावर ग्रामसभेला अधिकार मिळाला पाहिजे, त्यातल्या पहिल्या पाच अशा. पहिली, नशेच्या पदार्थांवर बंदी घालणं किंवा विक्री-वापरावर मर्यादा घालणं. दुसरी, गौण वनउपजाची मालकी. तिसरी, आदिवासीची जमीन जाऊ न देणं आणि गेलेली परत मिळवणं. चौथी, गावचा बाजार. पाचवी, सावकारी.

आम्ही हे वाचलं तेव्हा गप्प झालो. दारू, मोह, जमीन, बाजार, सावकार. वर जी ड्रमवाल्याची गोष्ट सांगितली ती या पाच शब्दांत आली. ज्यांनी कायदा लिहिला त्यांना माहीत होतं की या गोष्टी एकाच दोरीत आहेत. आणि बघा, तिथे नुसतं 'बंदी' लिहिलेलं नाही, 'मर्यादा' पण लिहिली आहे. मर्यादा म्हणजे माप. किती, कोणाला, कधी, हे गावाने बसून ठरवायचं. कायदा कागदावर आहे, अंमल आपण मागायचा आहे. पण मागायला जाताना आपलं माप आपल्यात ठरलेलं पाहिजे. नाहीतर साहेब विचारेल, तुम्हाला नक्की काय पाहिजे, आणि आपण त्याच्यासमोर भांडत बसू.

फुईने विचारलं ते

हे लिहून झाल्यावर आम्ही एका फुईला वाचून दाखवलं. तिने १९७२-७३ ची मडकी फोडणं स्वतः पाहिलं आहे. ऐकून म्हणाली, "लिहिलं चांगलं. पण पोरा, मडकं लहान केलं म्हणून मारणाऱ्याचा हात लहान होतो का?"

आमच्याकडे लगेच उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर अजूनही पूर्ण नाही. तीन बाटल्यांत सुद्धा माणूस बायकोला मारतो. तीन बाटल्या एकटाच पिऊन बसणारा पण असतो. ज्याला रोज लागते त्याला लहान मडकं पुरत नाही, तो शेजारच्या दारात जातो. संस्कृतीचं नाव घेऊन दारू पिणारे पण कमी नाहीत, ते पूजेच्या दिवशी नाही, बाजाराच्या दिवशी पितात. त्यांना आम्ही हे पान ढाल म्हणून वापरू देणार नाही.

मग फुईच म्हणाली, "पहिले मडकं बाईच्या हातात होतं. फुलं ती वेचायची, भिजवायची ती, काढायची ती. कोणाला किती द्यायची ते पण ती. ड्रम आला तसा गड्याच्या हातात गेला."

हे आम्ही लिहिलं नव्हतं. आम्ही घागरी मोजल्या, लिटर मोजले, पण मडकं कोणाच्या हातात, हे विसरलो. बैठकीत पण बाया बाजूला बसल्या होत्या आणि कोणी विचारलं नव्हतं, हे पहिल्याच परिच्छेदात आम्ही लिहून गेलो आणि पुढे आम्ही पण विचारलं नाही. म्हणून फुईचं म्हणणं खाली पहिल्या नंबरावर घेतलं आहे.

पुढच्या ग्रामसभेत काय ठरवावं

आमची सूचना अशी आहे. ठराव गावाने करायचा, आम्ही फक्त मांडतो.

एक. मडक्याबद्दल बोलायचा पहिला हक्क बायांचा. आधी पाड्यातल्या बायांची वेगळी बैठक, मग ग्रामसभा. बायांनी ठरवलं की आमच्या गावात एकही मडकं नको, तर एकही नको. ते आम्हाला मान्य आहे, आणि हे लिखाण मग त्या गावापुरतं फाडून टाका.

दोन. ज्या गावाला पूजेपुरती ठेवायची आहे त्यांनी माप ठरवावं. आमचं माप: एका घराला एकच मडकं, मातीचं, दोन घागरींचं. एका वेळी तीन किलोच्या वर फुलं नाही. लग्न-इंदलला घराघरातून आणायचं.

तीन. ड्रम एकही नको. कोणाचाही नको, संघटनेच्या कार्यकर्त्याच्या भावाचा पण नको. गूळ, नवसागर, युरिया नको. मोहाशिवाय दुसरं काही भिजलं तर ती आपली दारू नाही.

चार. विक्री नाही. उधारीवर नाही, मजुरीत कापून नाही, मतासाठी वाटलेली पण नाही. दारूच्या उधारीत कोणाची जमीन मक्त्याने किंवा गहाण गेली असेल तर तो कागद ग्रामसभेसमोर आणायचा. आम्ही तो दाव्यांच्या कामात घेऊ.

पाच. ज्या घरात पिऊन मारहाण होते त्या घरचं मडकं बायांच्या मंडळाने उचलून आणायचं. पंचांनी मध्ये पडायचं नाही.

सहा. ज्यांनी ड्रम ठेवला आहे त्यांना गावातून तोडायचं नाही. बहुतेक जण कर्जात अडकले आहेत. त्यांच्या वहीचा हिशोब गावाने बघायचा, आणि फुलं साठवायला, पावसाळ्यात भाव आल्यावर एकत्र विकायला त्यांना पहिल्यांदा घ्यायचं. ड्रम सोडला तर चुलीवर काय चढणार, हे न सांगता ड्रम सोड म्हणणं सोपं असतं.

काही सोबत्यांना भीती वाटते की लहान मडकं चालेल असं लिहिलं तर बाहेरचे लोक म्हणतील, बघा, ही संघटना दारूच्या बाजूची. म्हणू द्या. दारूच्या बाजूचं कोण आहे ते परवान्याच्या दुकानावरच्या पाटीवर लिहिलेलं आहे. आम्ही आमच्या जमिनीच्या आणि आमच्या मोहाच्या बाजूचे आहोत. जी झाडं आमच्या आज्या-पणज्यांनी राखली, ज्यांची वाटणी घराघरात ठरलेली आहे, त्या झाडांची फुलं कोणाच्या पोटात आणि किती जाणार, हे ठरवायचा हक्क आम्ही वनखात्याला पण देत नाही आणि ड्रमवाल्या दुकानदाराला पण देत नाही.

मोह पडायला अजून दोन महिने आहेत. त्याच्या आत पाड्या-पाड्यात बायांच्या बैठका घ्या. काय ठरलं ते कोणा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती कळवा. ज्या गावाचा ठराव येईल तो पुढच्या अंकात छापू, आमच्या म्हणण्याच्या उलट असला तरी छापू. फुई म्हणाली आहे की तिच्या पाड्याचा ठराव ती स्वतः सांगायला येणार. लिहून घ्यायला एकजण तयार राहा, ती भराभर बोलते.